जुन्या कथिलाच्या खाणीचा गाळ, त्यातलं रेअर अर्थ आणि जळगावातली एक मीटिंग

केळीवाला_रावेर

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण इथे सगळ्या प्रकारची माणसं आहेत म्हणून विचारतो.

रविवारी साडूभाऊंनी जळगावला एका हॉटेलात मीटिंगला नेलं. म्हणणं असं की मलेशियात कथिलाच्या जुन्या, बंद पडलेल्या खाणी आहेत, त्यांच्या टाकाऊ गाळाचे ढीग पडून आहेत आणि त्या गाळात रेअर अर्थ (चुंबकं वगैरे बनवायला लागणारे काही खास धातू) आहे. चीनने एप्रिल २०२५ मध्ये निर्यातीवर बंधनं घातली तेव्हापासून सगळ्या जगाला त्याची चणचण आहे. म्हणून तो गाळ तपासायला एक कंपनी उभी राहतेय, आणि आता शिरणाऱ्यांना हिस्सा स्वस्तात. पत्रकावर मोठ्या अक्षरात '५०० पीपीएम टीआरईओ' (म्हणजे सगळ्या रेअर अर्थचं मिळून ऑक्साइड) आणि त्याखाली गाळाचे एकूण टन गुणिले भाव करून काढलेला हजारो कोटींचा आकडा. जेवण चांगलं होतं. शेवभाजी होती.

पैशाचं नंतर बघू. आधी मला विज्ञान सांगा. कथिलाच्या गाळात हे खरंच असतं का? आणि असतं, तर कथील काढलं तेव्हाच का नाही काढून घेतलं?

भो_काय_सांगता

आप्पा, शेवभाजी फुकटनी होती ना? खाई लिधी ना? मंग जयं काम, आते घर या.

खडकफोड्या (धुळे)

असतं. विज्ञान खरं आहे, म्हणून तर अशा मीटिंगा भरतात. साफ खोटी गोष्ट विकायला अवघड जाते.

मी भूशास्त्राचा माणूस, आता निवृत्त. नोकरीची काही वर्षं बस्तरात गेली, तिथे कथिलाचं काम जवळून पाहिलंय. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

कथील बहुतांशी ग्रॅनाइटच्या पोटातून येतं. ग्रॅनाइटचा रस थंड होत जातो तसतशी नेहमीची खनिजं आधी बांधली जातात. ज्या मूलद्रव्यांना त्यांच्यात जागा मिळत नाही ती शेवटच्या रसात साचत जातात: कथील, टंगस्टन, नायोबियम, टँटलम, थोरियम आणि रेअर अर्थ. म्हणजे ही मंडळी जन्मापासून शेजारी. पुढे तो खडक उष्ण-दमट हवेत लाखो वर्षं कुजतो, पाऊस त्याला ओढ्यात नेतो आणि जड कण तळाशी बसतात. कॅसिटराइट हे कथिलाचं खनिज पाण्याच्या जवळपास सातपट जड. मोनाझाइट, झेनोटाइम, झिरकॉन, इल्मेनाइट साधारण साडेचार ते पाचपट. साधी वाळू अडीचपटीच्या थोडी वर. आपल्याकडे सुपात दाणे पाखडतात त्याच न्यायाने खाणवाले वाहत्या पाण्यावर वाळू पाखडायचे. हलकं पुढे वाहून जायचं, जड मागे राहायचं. त्या जडातून कथील वेगळं केलं की जो काळपट, वजनदार ऐवज उरतो त्याला मलेशियात 'अमांग' म्हणतात. मोनाझाइट आणि झेनोटाइम त्यातच असतात, आणि रेअर अर्थ त्यांच्या पोटात.

तेव्हा का नाही काढलं? काढत होते, पण काय काढायचं ते गिऱ्हाइकावर ठरायचं. अमांगमधून इल्मेनाइट आणि झिरकॉन विकले जात होतेच. पण रेअर अर्थची आजची हाव ज्या निओडायमियमच्या चुंबकामुळे आहे, ते चुंबकच १९८० च्या दशकात बाजारात आलं. आणि नेमकं त्याच दशकात, ऑक्टोबर १९८५ मध्ये, भाव टिकवायला कथील विकत घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय कथील परिषदेचे पैसे संपले, कथिलाचा भाव कोसळला आणि मलेशियातल्या खाणी धडाधड बंद झाल्या. चुंबकवाला बाजारात आला तेव्हा दुकानदार शटर ओढत होता.

आता मुद्द्याचं. 'कथिलाचा गाळ' ही एक वस्तू नाही. पाखडलेली उरलीसुरली वाळू असते, तिचे पांढरे डोंगर दिसायला मोठे आणि आत बहुतेक नुसता क्वार्ट्झ. दुसरा अमांगचा ढीग, आकाराने लहान आणि माल भरपूर. तिसरा चिखलाच्या तळ्यात बसलेला बारीक गाळ, जुन्या यंत्रांना न पकडता आलेले कण त्यात असतात. तुमच्या पत्रकातले 'एकूण टन' या तिघांपैकी कशाचे आहेत? एवढा एकच प्रश्न त्या माणसाला विचारा आणि तो काय बोलतो ते इथे लिहा.

केळीवाला_रावेर

धन्यवाद दादा. फोन केला. 'सगळं मिळून' असं उत्तर आलं.

खडकफोड्या (धुळे)

वाटलंच.

हिशेबनीस (जळगाव)

धागा वाचतोय. खडकफोड्या काका, ५०० पीपीएम म्हणजे टनात ५०० ग्रॅम, बरोबर? सोन्याच्या खाणीत टनाला दोन-चार ग्रॅम असलं तरी खाण चालते म्हणतात. मग ५०० ग्रॅम ऐकून लोकांचे डोळे विस्फारणारच की. यात घोळ कुठे आहे ते आकड्यांत दाखवा ना.

खडकफोड्या (धुळे)

दाखवतो. तुमच्यासारखा माणूस असला की लिहायला बरं वाटतं.

टनात ५०० ग्रॅम ऑक्साइड धरा. खणून, पाखडून, आम्लात किंवा कॉस्टिकमध्ये शिजवून निम्मं हाती आलं तरी पुष्कळ. म्हणजे २५० ग्रॅम. आता हे रेअर अर्थ म्हणजे एक धातू नव्हे, पंधरा-सतरा मूलद्रव्यांची खिचडी. मोनाझाइटमध्ये जवळपास निम्मा वाटा सेरियमचा, वर वीस-बावीस टक्के लँथॅनम, आणि या दोघांना बाजारात फारशी किंमत नाही. चुंबकाला लागणारं निओडायमियम आणि प्रसिओडायमियम मिळून साधारण पाव हिस्सा, म्हणजे साठेक ग्रॅम. २०२४ मध्ये या जोडीच्या ऑक्साइडचा भाव किलोला ५० ते ६० डॉलर होता. साठ ग्रॅमचे झाले तीन-सव्वातीन डॉलर. पावणेतीनशे रुपये धरा.

एक टन गाळ खणायचा, पंप करायचा, पाखडायचा, चुंबकावरून न्यायचा, शिजवायचा, पंधरा धातू एकमेकांपासून सोडवायचे, उरलेला थोरियम सुरक्षित पुरायचा आणि मिळवायचे पावणेतीनशे रुपये. डंपरवाला सुद्धा एवढ्यात ऐकणार नाही. सोन्याचा एक ग्रॅम सोनाराला जसाच्या तसा विकता येतो. सेरियमचा ग्रॅम घेऊन सराफ बाजारात जाऊन बघा.

तरी या व्यवसायात लोक उतरतात, त्याचं कारण असं की जुन्या गाळात खडक फोडायचा आणि दळायचा खर्च आधीच कोणीतरी करून ठेवलेला असतो. कण सुटे असतात आणि जड असतात. टनभर गाळातून पाण्यावरच किलोभर मोनाझाइट बाजूला निघालं, तर पुढची सगळी महागडी रसायनं त्या किलोला लावायची, टनाला नाही. म्हणून पीपीएम विचारून उपयोग नाही. कोणत्या खनिजात आहे, कण सुटा आहे का आणि थोरियमचं काय करणार, हे विचारायचं.

चारोळी (चोपडा)

काका, एक भर घालते. मी आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, पण त्याआधी पुण्यात खनिज तपासणाऱ्या एका लॅबमध्ये होते.

५०० हा आकडा आला कसा, हेही विचारायला हवं. नमुना विरघळवण्याच्या दोन पद्धती आहेत. एक स्वस्त: हायड्रोफ्लोरिक धरून चार आम्लांत शिजवायचा. दुसरी महाग: लिथियम बोरेटबरोबर भट्टीत वितळवून काच करायची आणि मग ती विरघळवायची. झिरकॉन आणि झेनोटाइम इतके हट्टी की चार आम्लांत पूर्ण विरघळत नाहीत. तळाशी पांढरट साका राहतो, आणि मशीन फक्त वरच्या पाण्यात जे आहे तेच मोजतं. त्यामुळे कथिलाच्या गाळाला चार आम्लांची पद्धत वापरली तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येऊ शकतो. फसवणूक नेहमी वाढवूनच होते असं नाही, अडाणीपणाने कमीही दाखवतात.

दुसरं म्हणजे मूलद्रव्य की ऑक्साइड? लॅब मूलद्रव्याचा आकडा देते. ईट्रियमचं ऑक्साइड करायला १.२७ ने गुणायचं, सेरियमला १.२३ ने. काही जण आधीच ऑक्साइडमध्ये असलेला आकडा पुन्हा गुणतात.

खडकफोड्या (धुळे)

ताई, अगदी बरोबर. साका बघून ओरडणारा केमिस्ट मिळायला नशीब लागतं.

इपोहकर

मूळ पाचोऱ्याचा, नोकरी इपोहजवळ एका कारखान्यात. मलेशियाचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं.

इथल्या किंता खोऱ्यात कुठेही जा, जुन्या खाणींची तळी दिसतात. काहींत मासे पाळतात, काहींच्या काठावर बंगले उभे राहिलेत. पांढऱ्या वाळूच्या पुष्कळ जमिनीवर आता घरं आणि मॉल आहेत, तेव्हा 'पडून असलेले ढीग' कागदावर जितके दिसतात तितके हाताला लागत नाहीत. अमांगचे कारखाने म्हणजे पत्र्याच्या शेड. आत हलती टेबलं, चुंबकाचे रोलर, वाळू वाळवायच्या भट्ट्या आणि काळी धूळ. एका शेडमध्ये दारापर्यंत गेलोय. ढिगाशेजारी मोजायचं यंत्र धरलं की कटकट वाढते. मोनाझाइटमध्ये थोरियम असतो, त्यामुळे ते होणारच.

पण मीटिंगमध्ये ज्याचं नाव कोणी घेतलं नसेल ते गाव म्हणजे बुकित मेराह, इपोहच्या दाराशी. १९८२ मध्ये तिथे याच अमांगच्या मोनाझाइटमधून रेअर अर्थ काढायचा कारखाना सुरू झाला, एशियन रेअर अर्थ नावाचा, जपानच्या मित्सुबिशीची भागीदारी असलेला. थोरियमचा कचरा कुठे टाकायचा यावरून गावकरी कोर्टात गेले. १९९२ मध्ये इपोहच्या हायकोर्टाने कारखाना बंद करायला सांगितलं, १९९३ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि कोर्टात जिंकूनही १९९४ मध्ये कंपनीने कारखाना स्वतःहून बंद केला. कचरा पुढे डोंगरात पुरावा लागला आणि ती साफसफाई कित्येक वर्षं चालली. इथली म्हातारी माणसं अजून त्या गावाचं नाव हळू आवाजात घेतात.

म्हणून इथे कोणी 'गाळातून रेअर अर्थ' म्हटलं की पहिला प्रश्न थोरियमचा येतो, टीआरईओचा नाही. क्वांतानजवळ गेबेंगला लायनस कंपनीचा रेअर अर्थचा मोठा कारखाना २०१२ पासून चालू आहे, तिथे माल ऑस्ट्रेलियाहून येतो. तिथेही भांडण कचऱ्यावरूनच.

आणखी एक. १ जानेवारी २०२४ पासून मलेशियाने कच्च्या रेअर अर्थची निर्यात बंद केली आहे. म्हणजे गाळ पाखडून पोत्यात भरला आणि जहाजावर चढवला असं चालत नाही. प्रक्रिया इथेच करावी लागेल, आणि प्रक्रिया म्हटलं की पुन्हा बुकित मेराह.

हिशेबनीस (जळगाव)

हे निर्यातबंदीचं पत्रकात होतं का हो, केळीवाले आप्पा?

केळीवाला_रावेर

नाही. पत्रकात सूर्योदयाचा फोटो होता.

भो_काय_सांगता

🤣🤣

सातपुड्याखाली (तळोदा)

मलेशियाचं कौतुक चाललंय म्हणून विचारतो. आमच्या धडगावच्या पुढे नर्मदा ओलांडली की पलीकडे गुजरातेत आंबाडुंगर आहे. तिथे रेअर अर्थ सापडलंय असं पेपरात सारखं येतं. मग आपल्या नंदुरबारला का नसावं? दगड तर तोच काळा. आमच्याकडे दगडाच्या लांबच लांब भिंती जमिनीतून वर आलेल्या आहेत, त्यात काही असेल का?

खडकफोड्या (धुळे)

चांगला प्रश्न. आंबाडुंगर हा विषय मला कथिलापेक्षा जवळचा, विषयांतर झालं तर व्यवस्थापकांनी माफ करावं.

छोटा उदेपूर जिल्ह्यातल्या आंबाडुंगरला कार्बोनेटाइट आहे. ज्वालामुखीचाच खडक, पण बेसाल्टसारखा सिलिकेटचा नाही, कार्बोनेटचा. दिसायला चुनखडीसारखा, जन्म मात्र आगीतून. सुखेश्वाला आणि उदास या दोघांनी १९६३ मध्ये त्याची पहिली नोंद केली. तिथे फ्लोरस्पारची खाण गुजरातच्या सरकारी खनिज महामंडळाने कितीतरी वर्षं चालवली आणि आता रेअर अर्थचा प्रकल्प त्यांच्याच हातात आहे. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे आपला दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमाराचं. तिथलं रेअर अर्थ बऱ्यापैकी बास्टनेसाइट जातीच्या खनिजांत आहे, त्यात थोरियम मोनाझाइटपेक्षा कमी असतो. कथिलाशी त्याचा काही संबंध नाही.

तुमच्या त्या भिंती म्हणजे डाइक. नंदुरबार-धुळ्याचा डाइकांचा पट्टा जगभरातल्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहे. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्या भेगा भरून राहिल्या आणि बाजूचा मऊ खडक झिजला, म्हणून त्या भिंतीसारख्या उभ्या दिसतात. पण त्या बहुतेक साध्या बेसाल्टच्याच. साध्या बेसाल्टमध्ये सगळं रेअर अर्थ मिळून शंभर पीपीएमच्या आसपास, तेही प्रत्येक खनिजात चिमूट-चिमूट वाटलेलं. त्याचं वेगळं खनिज नाही, मग पाखडणार काय? आणि खानदेशात ग्रॅनाइट वर येतच नाही, तेव्हा कथिलाची खाण आपल्याकडे नव्हती आणि होणार नाही. आपल्या नशिबी कथील फक्त कल्हईपुरतं.

सातपुड्याखाली (तळोदा)

म्हणजे नर्मदेच्या त्या काठावर देवाने दिलं आणि या काठावर तोंडाला पानं पुसली.

दीपनगरचा_धूर (भुसावळ)

खानदेशात कथील नाही हे मान्य. पण टाकाऊ माल आहे ना! दीपनगरच्या वीजकेंद्राच्या राखेची तळी बघा. कोळशाच्या राखेत रेअर अर्थ असतं असं वाचलंय. आम्ही इतकी वर्षं ती राख कपड्यांवर, पापडांवर, केळीच्या पानांवर झेलली. मलेशियाचा गाळ सोडा, आमची राख घ्या म्हणा त्या कंपनीला. वाहतूक स्वस्त पडेल.

खडकफोड्या (धुळे)

थट्टेत म्हणालात तरी मुद्दा खरा आहे. जगभरातल्या राखेची सरासरी साधारण ४०० पीपीएमच्या आसपास सांगतात. म्हणजे केळीवाले आप्पांच्या पत्रकापासून फार लांब नाही.

फरक कणात आहे. कथिलाच्या गाळात मोनाझाइटचा दाणा सुटा पडलेला असतो, टेबलावर स्वतःहून बाजूला येतो. कोळसा मात्र भट्टीत हजार-बाराशे अंशांच्या वर जळतो. त्यातली माती वितळून काचेचे बारीक गोळे होतात आणि बरंचसं रेअर अर्थ त्या काचेत कोंडलं जातं. ते पाखडून निघत नाही, आम्लाने सोडवावं लागतं, आणि आम्ल आजूबाजूचं ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम सगळं खात सुटतं. अमेरिकेत यावर बरंच काम झालंय. वायोमिंगकडच्या कोळशाची राख कॅल्शियमवाली असते आणि तिच्यातून रेअर अर्थ त्यातल्या त्यात सहज सुटतं. अपालाचियाच्या राखेत ते जास्त असूनही सुटत नाही. आपली राख सिलिका-ॲल्युमिनावाली, म्हणजे दुसऱ्या जातीची.

पण सरकारी कागदात तुमच्या राखेला जागा आहे. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटींचं राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशन मंजूर झालं. त्यात खाणीचा टाकाऊ गाळ, राख, ॲल्युमिनियम कारखान्यांचा लाल चिखल यांतून खनिजं काढायच्या प्रयोगांना पैसा आहे. दीपनगरच्या तळ्यावर नीट जाळं आखून नमुने घेणं हा आपल्या विद्यापीठाच्या पोरांसाठी उत्तम प्रकल्प होईल. गुंतवणूक म्हणून नाही, अभ्यास म्हणून.

चारोळी (चोपडा)

हे मी मनावर घेतलंय. एमएस्सीच्या मुलांना सांगते. नमुने कसे घ्यायचे ते जरा लिहा ना काका. राख असो की गाळ, पद्धत तीच असेल.

खडकफोड्या (धुळे)

लिहितो. केळीवाले आप्पांनाही उपयोगी पडेल, कारण 'एक्स्प्लोरेशन' म्हणून पैसे मागणारा माणूस हे करणार आहे की नाही, ते कळतं.

पहिलं काम कागदांचं. खाण कोणत्या साली चालू झाली, कोणतं यंत्र होतं, गाळ कोणत्या तोंडातून तळ्यात सोडत होते. पाईपच्या तोंडाशी जाड आणि जड कण पडतात, लांब जाऊन चिखल बसतो. त्यामुळे एकाच तळ्यात दहा पावलांवर आकडा बदलतो. पाईपचं तोंड किती वेळा हलवलं ते कळलं नाही तर आत काय थर आहेत ते कळत नाही. वरून बादलीभर उचलून लॅबला पाठवली तर येणारा आकडा त्या बादलीचा, तळ्याचा नव्हे.

मग ड्रोनने आकार मोजायचा आणि चौकडी आखून भोकं पाडायची. ओल्या, सैल गाळात साधं ड्रिल चालत नाही. भोकाच्या भिंती ढासळतात, जड कण खाली घरंगळतात आणि तळाला खोटी श्रीमंती दिसते. म्हणून नळी कंपनाने आत घालून अख्खा गाभा वर काढतात. पार मूळ जमीन लागेपर्यंत जायचं. मीटर-मीटरचा नमुना वेगळा, प्रत्येकाचं ओलं आणि सुकं वजन, कारण टन काढायचे तर घनता लागते. लॅबला पाठवताना मध्ये काही नमुने दोनदा घालायचे, काही माहीत असलेल्या आकड्याचे आणि काही निव्वळ कोरी वाळू, लॅबला न सांगता.

हातात धरायचं एक्स-रे यंत्र जागेवर मदत करतं. ईट्रियम ते चांगलं पकडतं, डिस्प्रोसियमच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. गॅमा मोजणी करत चाललं की थोरियमवरून मोनाझाइट कुठे साचलंय त्याचा माग लागतो. शेवटी सूक्ष्मदर्शक: दाणा सुटा आहे की क्वार्ट्झला चिकटलेला, किती मायक्रॉनचा. हे सगळं झाल्याशिवाय टन गुणिले भाव करणं म्हणजे बाजारात तुरी.

प्रत्येक कथिलात रेअर अर्थ असेलच असंही नाही, हे राहिलं. बस्तरात कटेकल्याण-तोंगपालच्या बाजूला आदिवासी लोक ओढ्यातली वाळू धुऊन कथील काढतात आणि राज्याच्या खनिज महामंडळाला विकतात. सकाळी बायका लाकडी पात्रं घेऊन बसल्या की दुपारपर्यंत तळाशी मूठभर काळे दाणे. ते कथील पेग्मटाइटचं (ग्रॅनाइटच्या शेवटच्या रसातून बनलेला जाड दाण्यांचा खडक), त्याच्याबरोबर नायोबियम-टँटलम येतं, लिथियमची खनिजं येतात, रेअर अर्थ फारसं नाही. ऑस्ट्रेलियातलं ग्रीनबुशेसही तसंच. १८८८ ला कथिलासाठी सुरू झालं, पुढे टँटलमसाठी चाललं आणि आज लिथियमच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या खाणींत त्याचं नाव आहे. उलट ब्राझीलच्या पिटिंगाला कथिलाबरोबर झेनोटाइम. खाणीचं गोत्र विचारल्याशिवाय सोयरीक नको.

नवा_सभासद_पारोळा

भारतात असा गाळ मिळाला आणि मोनाझाइट निघालं तर कोणी विकू शकतो का?

हिशेबनीस (जळगाव)

नाही. मोनाझाइट हा अणुऊर्जा खात्याच्या नियंत्रणातला पदार्थ आहे. किनाऱ्यावरच्या वाळूत पूर्वी काही प्रमाणापर्यंत मोनाझाइट असलं तर खासगी लोकांना सवलत होती. २०१९ मध्ये ती मर्यादा शून्य केली. आपल्याकडे ते हाताळते मुख्यतः सरकारी आयआरईएल, १९५० पासूनची. २०२३ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीत २४ क्रिटिकल खनिजांच्या यादीत रेअर अर्थ आलं खरं, पण 'युरेनियम-थोरियम नसलेलं' अशी अट लावून. कथीलही त्या यादीत आहे.

आणि आप्पा, परदेशी कंपनीचे शेअर घ्यायचे असतील तर पैसा बँकेतून, पॅनकार्डासकट, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसा पाठवायच्या) योजनेखाली जातो. हॉटेलात पावतीपुस्तकावर नाही. पावती कोणाच्या नावाची दिली साडूंना?

केळीवाला_रावेर

साडूंनी अजून फक्त टोकन दिलंय. पावतीवर एका ट्रेडिंग फर्मचं नाव आहे. इथे लिहीत नाही.

व्यवस्थापक

लिहू नका. कुठल्याही फर्मचं वा व्यक्तीचं नाव, फोन नंबर धाग्यात नको. चर्चा चांगली चालू आहे, चालू द्या. राखेसाठी वेगळा धागा काढलात तर बरं.

केळीवाला_रावेर

ताजी खबर. खूप मागे लागल्यावर लॅबचा तक्ता व्हॉट्सॲपवर आला. फोटो आहे, एकाच नमुन्याचा. चारोळी ताई, मोठे आकडे टाइप करून देतो: सेरियम ११०, लँथॅनम ५०, निओडायमियम ४५, ईट्रियम १३०, डिस्प्रोसियम २०, झिरकोनियम ९००. खाली बारीक अक्षरात चार आम्लांची पद्धत असं आहे. नमुन्याच्या नावापुढे 'सरफेस' लिहिलंय.

चारोळी (चोपडा)

सरफेस म्हणजे काकांची बादली.

पण ईट्रियम सेरियमपेक्षा जास्त! हे मोनाझाइटचं लक्षण नाही. साध्या मातीत सेरियम ईट्रियमच्या दुपटीहून जास्त असतं. आणि तेही चार आम्लांत, म्हणजे झेनोटाइम नीट विरघळलेलंच नसेल. खरा आकडा याच्या वर असू शकतो. बाकीची छोटी मूलद्रव्यं धरून ऑक्साइडमध्ये बेरीज पाचशेच्या आसपास जाते, तेव्हा पत्रकातला आकडा निदान इथून आलेला दिसतो.

खडकफोड्या (धुळे)

मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. झेनोटाइमचा गाळ असेल तर मी वर केलेला पावणेतीनशेचा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. झेनोटाइममध्ये जड बाजूचं रेअर अर्थ असतं, डिस्प्रोसियम त्यातलंच, आणि डिस्प्रोसियमचा भाव निओडायमियमच्या कितीतरी पट. २०२५ मध्ये चीनने ज्या सातांवर परवान्याची अट घातली त्यांत ईट्रियम आणि डिस्प्रोसियम दोन्ही आहेत. टनामागे आकडा तरीही छोटाच राहतो, पण अमांगचा शिल्लक ढीग कुठे असलाच तर एखादी खरी खाणकंपनी तिथे स्वतःच्या पैशाने भोकं पाडेल. तिला रावेरच्या केळीच्या पैशाची गरज का पडावी, हा भाग मला अजून कळलेला नाही.

आप्पा, त्या तक्त्यात थोरियम किती?

केळीवाला_रावेर

शोधलं. टँटलम आहे, टर्बियम आहे, मग एकदम टायटॅनियम. थोरियम नाहीच.

चारोळी (चोपडा)

रकाने चिन्हांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लावतात. थोरियम बरोबर टर्बियम आणि टायटॅनियमच्या मध्ये यायला हवा. या तपासणीच्या पॅकेजमध्ये तो रेअर अर्थबरोबर आपोआप मोजला जातो, वेगळे पैसे पडत नाहीत. यादीत नसेल तर कोणीतरी तो रकाना काढलाय. फोटोत तिथे रेघ जाड दिसतेय का बघा. लॅबची मूळ पीडीएफ मागा, फोटो नको. खरी लॅब सही केलेली पीडीएफच देते.

इपोहकर

आणि खाणीच्या जागेचं नाव मागा, तालुक्यासकट. इपोह ज्या राज्यात आहे त्या पेराकमधली असेल तर सुट्टीच्या दिवशी गाडी काढून बघून येतो. ढीग आहे की वर मॉल झालाय ते तरी सांगेन.

केळीवाला_रावेर

दोन्ही मागितलं. 'थोरियम नगण्य आहे, पीडीएफ बोर्ड मीटिंगनंतर' असा निरोप आला. साडूंना म्हटलं, पीडीएफ आणि जागेचं नाव येईपर्यंत बाकीचा हप्ता द्यायचा नाही. तोंड फुगलंय, पण ऐकलं. तोवर पैसा पतपेढीत ठेवतो म्हणाले.

भो_काय_सांगता

पतपेढीमा?? आप्पा, तेन्हापेक्षा मलेशिया बरं!